ऑस्ट्रेलियाचे निर्वासितविषयक धोरण आणि त्यावरील वाद

ऑस्ट्रेलियाचे निर्वासितविषयक धोरण : समुद्रमार्गे, व्हिसाशिवाय येऊन आश्रय मागणाऱ्या परकीयांना सक्तीने स्थानबद्ध करण्याचे, परदेशी बेटांवर पाठवण्याचे किंवा त्यांच्या बोटी परत फिरवण्याचे ऑस्ट्रेलियन सरकारचे धोरण. तीन दशकांहून अधिक काळ त्यावर तेथे तीव्र जाहीर वाद चालू आहे. वाद निर्वासित घ्यावेत की नाहीत याचा नाही. संयुक्त राष्ट्रांमार्फत निवडलेले निर्वासित ऑस्ट्रेलिया दर वर्षी हजारोंनी घेते; 2023-24 पासून त्याच्या संपूर्ण मानवतावादी कार्यक्रमाचा आकडा वर्षाला 20,000 आहे. विमानाने, पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर उतरून नंतर आश्रयाचा अर्ज करणाराही सहसा मोकळा राहतो. सारा रोष आहे तो बोटीवर.

या देशाचा आरंभीचा लौकिक वेगळा होता. 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा ऑस्ट्रेलिया हा सहावा देश. जानेवारी 1954 मधल्या त्याच्या मान्यतेमुळेच करार अमलात येण्याइतकी संख्या भरली. एप्रिल 1976 मध्ये पाच व्हिएतनामी तरुण एका जुनाट मच्छीमार बोटीतून डार्विनला पोहोचले, तेव्हा त्यांना देशात राहू दिले गेले. पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या काळात हजारो इंडोचिनी निर्वासित पुढे विमानाने आणून वसवले गेले. कुरकूर तेव्हाही होती, पण दोन्ही मोठ्या पक्षांनी तिला निवडणुकीचा मुद्दा होऊ दिले नाही.

सक्तीच्या स्थानबद्धतेचा कायदा 1992 मध्ये झाला. तो कोण्या उजव्या सरकारने नव्हे, पॉल कीटिंग यांच्या मजूर पक्षाने केला. कंबोडियाहून बोटींनी आलेल्या काही लोकांना न्यायालय सोडून देईल ही भीती त्यामागे होती. सुरुवातीला असलेली 273 दिवसांची मर्यादा 1994 पासून गेली, आणि माणसाला किती काळ डांबायचे याला कायद्यात शेवटच उरला नाही. वाळवंटातले वूमेरा, पश्चिम किनाऱ्यावरचे पोर्ट हेडलंड अशी केंद्रे दंगली, उपोषणे आणि कुंपणामागच्या मुलांमुळे जगाला माहीत झाली.

हा विषय घराघरांत गेला तो ‘टांपा’ या जहाजामुळे. 26 ऑगस्ट 2001 रोजी या नॉर्वेजियन मालवाहू जहाजाने हिंदी महासागरात बुडू लागलेल्या बोटीवरील 433 आश्रयार्थींना वाचवले. त्यांत बहुतेक तालिबानच्या छळातून निसटलेले हजारा अफगाण होते. वाचवण्याची हाक ऑस्ट्रेलियाच्याच यंत्रणेने दिली होती. कप्तान आर्ने रिनन जहाज घेऊन ख्रिसमस बेटाकडे निघाले, तेव्हा मात्र जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने बंदर बंद केले. डेकवर आजारी माणसे आणि गरोदर बाया असताना कप्तानांनी बंदी झुगारून जहाज सागरी हद्दीत आणले, तर सरकारने त्यावर लष्कराचे कमांडो उतरवले. 11 सप्टेंबर रोजी केंद्रीय न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आश्रयार्थींच्या बाजूने निकाल दिला. काही तासांत न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, आणि आठवडाभरात वरच्या पीठाने तो निकाल फिरवला. काही जणांना न्यूझीलंडने घेतले. बाकीच्यांची रवानगी नाउरूला झाली. पुढच्या वर्षी कप्तान व खलाशांना संयुक्त राष्ट्रांचा नान्सेन पुरस्कार मिळाला.

नाउरू हा 21 चौरस किलोमीटरचा देश. फॉस्फेटचे साठे उपसून संपलेले, तिजोरी रिकामी. पापुआ न्यू गिनीचे मानुस बेट हे दुसरे ठिकाण. पैसे देऊन आश्रयार्थींना या बेटांवर ठेवण्याच्या योजनेला ‘पॅसिफिक तोडगा’ म्हणू लागले. त्याच सुमारास ख्रिसमससारखी बेटे स्थलांतर कायद्यापुरती देशाच्या हद्दीतून वगळण्यात आली. 2013 मध्ये कायदेशास्त्राची कमालच झाली: बोटीने येणाऱ्यांसाठी अख्खी मुख्य भूमीच वगळली गेली. म्हणजे सिडनीच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवूनही माणूस कायद्याच्या लेखी ऑस्ट्रेलियात पोहोचत नाही.

2001 च्या निवडणुकीच्या तोंडावर आणखी दोन घटना घडल्या. आश्रयार्थी आपली मुले समुद्रात फेकत आहेत, असे मंत्र्यांनी जाहीर केले. मतदानानंतर सिनेटच्या चौकशीत हे खोटे निघाले. दुसरीकडे, 19 ऑक्टोबरला इंडोनेशियाहून निघालेली एक बोट बुडून 353 जण मेले, त्यांत निम्म्याहून जास्त बायका-मुले. तात्पुरत्या व्हिसावर ठेवलेल्या निर्वासितांना कुटुंब आणण्याची मुभा नव्हती, म्हणून बायका-मुलांना बोटीचा धोका पत्करावा लागला, असा टीकाकारांचा आरोप होता. हॉवर्ड निवडून आले. देशात कोण आणि कोणत्या परिस्थितीत येणार हे आम्ही ठरवणार, हे त्यांच्या प्रचाराचे सूत्र होते आणि ते लोकांना पटले. बोटीने येणारे ‘रांग मोडतात’ हा समज सर्वदूर होता. तालिबानच्या काबूलमध्ये ऑस्ट्रेलियाचा दूतावासच नव्हता. हजारा माणसाने रांग लावायची तरी कुठे, हा प्रश्न प्रचारात फारसा ऐकू आला नाही.

समर्थकांची सर्वांत वजनदार बाजू पुढे आली ती 2008 नंतर. केव्हिन रड यांच्या मजूर सरकारने नाउरूची छावणी बंद केली, आणि बोटी पुन्हा सुरू झाल्या. डिसेंबर 2010 मध्ये ख्रिसमस बेटाच्या कड्यावर बोट आपटून सुमारे 50 जण लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाले. 2008 ते 2013 दरम्यान या वाटेवर हजाराहून अधिक जीव गेले. दलालांच्या हाती जीव देण्यापेक्षा वाटच बंद करणे दयेचे, हा युक्तिवाद त्यातून आला. तो नुसता दांभिक म्हणून उडवून लावता येत नाही. मलेशियाशी माणसांची अदलाबदल करण्याचा करार हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, 2011 मध्ये रद्द केला. मग ऑगस्ट 2012 मध्ये मजूर सरकारनेच छावण्या पुन्हा उघडण्याचे ठरवले, आणि जुलै 2013 मध्ये बोटीने येणारा कोणीही, निर्वासित ठरला तरी, ऑस्ट्रेलियात वसवला जाणार नाही असे जाहीर केले. दोनच महिन्यांनी टोनी ॲबट ‘बोटी थांबवा’ या घोषणेवर सत्तेत आले. त्यांनी मोहीम लष्करी अधिकाऱ्याच्या हाती दिली आणि बोटी समुद्रातूनच माघारी पाठवायला सुरुवात केली.

बोटी थांबल्या, हे खरे. कशामुळे थांबल्या, यावर मतभेद आहेत. छावण्या उघडल्यानंतरच्या 2013 या वर्षी 20,000 हून अधिक लोक आले. ओघ आटला तो बोटी परत फिरवल्यावर. मग अब्जावधी डॉलर खर्चून माणसांना बेटांवर वर्षानुवर्षे ठेवण्याने काय साधले, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याच सरकारने दिलेले नाही.

या मोहिमेचा भारतालाही स्पर्श झाला. जून 2014 मध्ये पुदुच्चेरीहून निघालेली 157 श्रीलंकन तमिळांची बोट अडवली गेली आणि त्यांना जवळजवळ महिनाभर समुद्रात जहाजावर कोंडून ठेवले. मंत्री स्कॉट मॉरिसन दिल्लीला येऊन बोलणी करून गेले. शेवटी त्या लोकांना नाउरूला पाठवले. ही स्थानबद्धता हायकोर्टाने 2015 मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी कायदेशीर ठरवली. मेलबर्न-सिडनीत स्थिरावलेली मराठी कुटुंबे कौशल्याच्या व्हिसावर ज्या 1958 च्या स्थलांतर कायद्याने आली, त्याच कायद्याची ही दुसरी बाजू.

दोन्ही मोठे पक्ष मूळ धोरणावर एक झाल्याने विरोध संसदेबाहेर वाढला. 2015 च्या कायद्याने केंद्रांतली माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैदेची धास्ती घातली. डॉक्टरांच्या विरोधानंतर त्यांना त्यातून वगळावे लागले. 2016 मध्ये ‘गार्डियन’ने नाउरूतील मारहाण, लैंगिक छळ आणि आत्मघाताच्या प्रयत्नांच्या दोन हजारांहून अधिक नोंदी छापल्या. मानुसवर अडकलेले कुर्द-इराणी पत्रकार बेहरूझ बूचानी यांनी फोनवरून फारसी संदेश पाठवत एक पुस्तक लिहिले. त्याला 2019 मध्ये व्हिक्टोरिया राज्याचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार मिळाला, पण लेखकाला सोहळ्यासाठी देशात येता आले नाही. मानुसची छावणी घटनाबाह्य असल्याचा निकाल पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच दिला होता.

लोकमत हलले ते आजारी मुलांमुळे. नाउरूतल्या काही मुलांनी खाणे-बोलणे सोडले, तेव्हा हजारो डॉक्टरांनी सरकारला पत्र लिहिले. फेब्रुवारी 2019 मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णांना ऑस्ट्रेलियात आणण्याचा कायदा सरकारला हरवून 75 विरुद्ध 74 मतांनी मंजूर झाला. त्या वर्षीची निवडणूक जिंकल्यावर, तोवर पंतप्रधान झालेल्या मॉरिसन यांच्या सरकारने डिसेंबरमध्ये तो रद्द केला. क्वीन्सलंडच्या बिलोएला या छोट्या गावाने आपल्यातून नेऊन स्थानबद्ध केलेल्या एका तमिळ कुटुंबासाठी चार वर्षे झुंज दिली. हे शहरी उदारमतवाद्यांचे आंदोलन नव्हते. कत्तलखान्यात काम करणारा शेजारी गावाला परत हवा होता. 2022 मध्ये ते कुटुंब गावी परतले.

बेमुदत स्थानबद्धता कायदेशीर असल्याचा हायकोर्टाचा 2004 चा निकाल त्याच न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये एकमताने उलटवला. ज्याला कुठेच परत पाठवता येत नाही, त्याला कायमचे डांबणे ही शिक्षाच आहे आणि शिक्षा देणे सरकारचे काम नव्हे, असे त्याचे तात्पर्य होते. खटला जिंकणारा रोहिंग्या बालकावरील लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेला होता, त्यामुळे तत्त्वाची चर्चा मागे पडून या निकालाने सुटलेल्यांची भीती पुढे आली. अँथनी अल्बानीझ यांच्या मजूर सरकारने घाईने त्यांच्यावर पायात मागोवा घेणारे कडे आणि रात्रीची संचारबंदी लादली. 2024 मध्ये न्यायालयाने ही दोन्ही बंधनेही घटनाबाह्य ठरवली. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने ही माणसे स्वीकारण्यासाठी नाउरूशी करार केला. त्यापोटी सुरुवातीला सुमारे 40 कोटी आणि नंतर दर वर्षी 7 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचे ठरले आहे.