तळटीप : जिमी रॉजर्स

* ‘गाणारा ब्रेकमन’ : जिमी रॉजर्स (१८९७–१९३३). मूळ लेखात ज्याचा केवळ ओझरता उल्लेख आला आहे, तो हा गायक अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन परिसरात वाढला. वडील रेल्वेमार्गाच्या डागडुजीवरील मुकादम असल्याने तेथील कृष्णवर्णीय मजुरांची श्रमगीते बालपणीच त्याच्या कानी पडली. पुढे तोही ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा कर्मचारी, म्हणून रेल्वेच्याच चाकरीत शिरला, आणि १९२४ मध्ये क्षयाचे निदान होऊन ती चाकरी दुरावू लागली, तेव्हा गायन हाच त्याच्या चरितार्थाचा आधार ठरला. ऑगस्ट १९२७ मध्ये ब्रिस्टल येथे व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी त्याची पहिली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुद्रित झालेल्या ‘ब्ल्यू योडेल’ने त्याला देशव्यापी कीर्ती दिली. कृष्णवर्णीयांच्या ब्लूजचा बारा मात्रागटांचा आराखडा आणि छातीतल्या स्वरावरून क्षणार्धात पातळ, उंच स्वरावर झेप घेणारे योडेल, यांचा जो संयोग त्याने एका गिटारच्या साथीवर घडविला, तोच पुढील पिढ्यांचा वारसा झाला. १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेटही त्याच्या गाण्याच्या साथीला होता. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या मुद्रणकक्षात, दोन गाण्यांच्या मध्ये खाटेवर विसावा घेत, त्याने अखेरची गाणी गाइली आणि दोनच दिवसांनी, २६ मे रोजी, त्याचे देहावसान झाले. १९६१ मध्ये कंट्री संगीताच्या सन्मानदालनात प्रथम प्रविष्ट झालेल्या तिघांत त्याची गणना झाली. ‘कंट्री संगीताचा जनक’ हे बिरुद त्याला सर्वथा शोभते.

— संपादक