नाचाचं वाजव, इतिहास वाजवू नको

दोस्तांनो,

टीका आपल्याला नवी नाही. आपलं काही छापून आलं की कुणीतरी म्हणतंच, ही कविता नव्हे, आरडाओरड आहे. दुसरा जरा मायेनं म्हणतो, अनुभव खरा आहे हो, पण कला कच्ची. मग आपल्यातला एक पोरगा पेन ठेवून देतो आणि दुसरा टीकाकाराच्या आयमाय काढतो. दोघांचंही लिहिणं तिथंच थांबतं. मार खाऊन लिहीत राहायचं कसं, हे बघायला मी एका काळ्या संगीतकाराचा इतिहास काढलाय. पँथर हे नाव १९७२ साली आपण अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. मग त्यांच्या कामकऱ्या कलावंतांचा हिशेबही आपल्याला ठाऊक पाहिजे.

त्याचं नाव ड्यूक एलिंग्टन. जन्म २९ एप्रिल १८९९, वॉशिंग्टन. डिसेंबर १९२७ पासून तो न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कॉटन क्लबात बँड घेऊन वाजवू लागला. स्टेजवर सगळे काळे, टेबलांवर गोरे. काळ्या गिऱ्हाइकाला दार जवळपास बंदच. म्हणजे वस्ती आमची, घाम आमचा, गाणं आमचं, आणि बसायची खुर्ची त्यांची. रेडिओवरून त्याचं नाव देशभर झालं. तरी दक्षिणेत दौऱ्यावर गेला की काळ्यांना हॉटेलात खोली मिळायची नाही. म्हणून बँडसाठी रेल्वेचे डबेच भाड्यानं घ्यायचे आणि त्यातच झोपायचं.

हा माणूस हस्तिदंती मनोऱ्यातला नव्हता. रोज रात्री कार्यक्रम, दिवसा प्रवास, आणि मधल्या वेळात लेखन. कुठला वादक कुठला सूर कसा काढतो हे ओळखून तो त्या माणसासाठी लिहायचा. पुढं तर गाण्यांच्या मानधनाचे पैसे घालून त्यानं वादकांचे पगार चालू ठेवले. कारण एकच. लिहिलेलं लगेच वाजवून ऐकता आलं पाहिजे.

१९३५ च्या मे महिन्यात त्याची आई वारली. त्या दुःखात त्यानं 'रेमिनिसिंग इन टेम्पो' ही रचना केली. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांचं गाणं मावायचं. ही रचना चार बाजू व्यापून बसली. त्याच वर्षी जॉन हॅमंड नावाच्या टीकाकारानं तिच्यावर झोड उठवली. हा हॅमंड काळ्यांचा शत्रू नव्हता, हे आधी नीट समजून घ्या. व्हँडरबिल्ट घराण्याच्या श्रीमंतीत जन्मलेला गोरा, पण बिली हॉलिडे आणि काउंट बेसी यांना पुढं आणण्यात त्याचा मोठा हात. मित्रच म्हणा. या मित्रानं लिहिलं की एलिंग्टनच्या संगीतातला जोम गेला, आणि आपल्या लोकांवर होणाऱ्या अन्यायाकडे तो डोळेझाक करतो.

बरं. आता पुढं बघा.

२३ जानेवारी १९४३. न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल. जिथं युरोपचं अभिजात संगीत वाजायचं ती जागा. एलिंग्टननं तिथं 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज' वाजवलं. पाऊण तासाच्या आसपासची रचना, तीन भाग, आणि विषय अमेरिकेतल्या काळ्या माणसाचा इतिहास. पहिल्या भागात गुलामांची श्रमगीतं आणि रविवारची प्रार्थना. दुसऱ्यात अमेरिकेसाठी लढलेले काळे, गुलामगिरी संपल्यावरचा जल्लोष, आणि त्या जल्लोषात आता कुठं जायचं म्हणून गोंधळलेली म्हातारी माणसं. तिसऱ्यात त्याच्या स्वतःच्या काळातलं हार्लेम. डोळेझाक करतो म्हणणाऱ्याला याहून सरळ उत्तर कुठलं?

पण टीका थांबली नाही. पॉल बोल्स या रचनाकार-टीकाकारानं 'हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये लिहिलं की याला आकार नाही, नाचाचे तुकडे आणि एकेकट्याचं वादन एकामागं एक जोडलंय. वर असंही सांगितलं की जाझ आणि कलासंगीत एक करायचा हा खटाटोपच बंद पाडला पाहिजे. आणि हॅमंड? त्यानं विचारलं, ड्यूक जाझ सोडून चाललाय काय? त्याची तक्रार अशी की यावर नाचता येत नाही.

दोस्तांनो, इथं जरा थांबा. १९३५ साली म्हणाले, तू आपल्या लोकांचं दुःख विसरलास. १९४३ साली त्यानं त्या लोकांचा अख्खा इतिहास मांडला, तर म्हणाले, नाचाचं वाजव. दोन्ही वेळा बोलणारा एकच. काय वाजवायचं हे ठरवायचा हक्क मात्र त्यानं आपल्याच खिशात ठेवलेला.

आपल्याला हे ओळखीचं वाटतंय ना? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला साचेखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि त्याच्या थुंकीनं इतरांना विटाळ व्हायचा. साचेखात्यात मजुरी जास्त, आणि तिथंच दार बंद. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला. कामगारांची एकजूट म्हणता, मग हे खातं आम्हाला बंद का?

मी गिरणीत काम करतो. कापडात खोट असली तर तपासणारा बोट ठेवून दाखवतो, इथं तार तुटलीय, इथं विण सैल आहे. त्याचा राग धरून चालत नाही. खोट खरी असेल तर साचा थांबवून तार सांधायची. पण कुणी आला आणि म्हणाला, तू साच्यावर बसायचाच नाहीस, तर ती कापडाची तपासणी नव्हे, ती जातीची पाटी आहे. बोल्सच्या लेखात या दोन्ही गोष्टी एकाच शाईनं लिहिलेल्या आहेत. सांधे सैल आहेत, ही खोट कानानं तपासता येते. रचना थोडक्या आठवड्यांत लिहिलेली, शेवटचा भाग तर अगदी ऐनवेळी पुरा झालेला. पण दोन संगीतं एक करूच नका, हा हुकूम आहे. टीका वाचताना आपणही हातात पेन्सिल घ्यावी आणि खोट कुठली, हुकूम कुठला, ते वेगळं काढावं.

एलिंग्टननं काय केलं? भांडत बसला नाही. बॉस्टन आणि क्लीव्हलँडला ती रचना पुन्हा वाजवली. आणि त्याच वर्षी, ११ डिसेंबर १९४३ ला, त्याच कार्नेगी हॉलात 'न्यू वर्ल्ड अ-कमिंग' ही नवी लांब रचना घेऊन परत उभा राहिला. अकरा महिनेसुद्धा झाले नव्हते. ज्या दारात अपमान झाला त्याच दारातून नवं काम घेऊन आत जायचं, याला मी जिगर म्हणतो. १९४८ पर्यंत तो तिथं जातच राहिला.

जुन्या रचनेतलं जे जिवंत होतं तेही त्यानं मरू दिलं नाही. त्यातली रविवारची प्रार्थना, 'कम संडे', १९५८ साली महालिया जॅक्सनच्या गळ्यातून आली. १९६३ साली, गुलाममुक्तीच्या शंभराव्या वर्षी, शिकागोत त्यानं 'माय पीपल' हा प्रयोग केला, त्यातही ती होती. त्याच वर्षी अमेरिकन सरकारनं त्याला आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं आणि तो मुंबईतही वाजवून गेला. त्याच्या देशातल्या दक्षिणेत तेव्हा काळ्यांना धड मत टाकू देत नव्हते. परदेशात मिरवायला मात्र काळा चालत होता.

पण मी तुम्हाला गोड गोष्ट सांगायला बसलेलो नाही. या सगळ्यात एक मोठा तोटा झाला. १९४३ च्या त्या पहिल्या काही कार्यक्रमांनंतर एलिंग्टननं ती रचना पूर्ण अशी पुन्हा वाजवली नाही. तुकडे वाजवले. १९४४ साली तबकडी काढली तर तीही अठरा मिनिटांच्या आसपासची. पाऊण तासाचा इतिहास निम्म्याहून कमी झाला. बॅरिस्टर नाही, पोलीस नाही, बंदी नाही. दोन-चार लेखांनी हे काम केलं.

१९६५ साली पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत समितीनं त्याचा खास सन्मान करावा अशी शिफारस केली. वरच्या मंडळानं ती फेटाळली. समितीतल्या दोघांनी राजीनामे दिले. एलिंग्टन तेव्हा ६६ वर्षांचा. आपल्याला इतक्या तरुणपणी फार प्रसिद्धी मिळू नये अशी नशिबाची इच्छा दिसते, असं हसत म्हणाला आणि पुढच्या गावी वाजवायला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या चर्चमध्ये त्यानं धार्मिक संगीताचा पहिला मोठा कार्यक्रम केला. २४ मे १९७४ ला तो वारला. पुलित्झरवाल्यांना त्याची आठवण झाली १९९९ साली, तो मेल्यावर २५ वर्षांनी.

आणि कार्नेगी हॉलातल्या त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण? कुणीतरी ते जपून ठेवलं होतं. १९७७ साली ते तबकड्यांवर बाहेर आलं. ३४ वर्षांनी लोकांना ती रचना पुरी ऐकता आली, आणि मग कुठं निकाल टीकाकारांच्या हातातून ऐकणाऱ्यांच्या कानात आला.

म्हणून सांगतो. खोट दाखवली तर दुरुस्त करा. हुकूम दिला तर पुढचं काम लिहून त्याच दारात जा. आणि आपलं पुरं लिखाण, जसंच्या तसं, न छाटता, जपून ठेवा. स्टेन्सिल कापा, चार प्रती जास्त काढा, एक गावाकडं पाठवा. छाटलेला इतिहास लोकांच्या हातात द्यायला दुसरे पुष्कळ बसलेत.

जय भीम.