बाळबोलीचे दप्तर

मूल पहिला शब्द कधी आणि कसा उच्चारते, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक असूनही विद्वानांच्या दप्तरी दाखल व्हावयास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. आणि या विलंबाचे एक मोठे कारण असे की, हा प्रश्न ज्यांनी आरंभी हाती घेतला ते राजे होते.

हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या दुसऱ्या भागात मिसर देशच्या सॅमेटिकस राजाची हकीकत दिली आहे. जगातील सर्वांत प्राचीन लोक कोणते याचा निर्णय करण्यासाठी या राजाने दोन तान्ही मुले एका मेंढपाळाच्या हवाली केली. त्यांच्यासमोर कोणी शब्द काढू नये, वेळोवेळी शेळ्या नेऊन त्यांना दूध तेवढे पाजावे, असा सक्त हुकूम फर्माविला. दोन वर्षांनी मुलांनी हात पसरून 'बेकोस' असा उच्चार केला. चौकशीअंती फ्रिजियन लोक भाकरीला असे म्हणतात असे निष्पन्न झाले, आणि फ्रिजियन हे मिसरींहूनही जुने, हा निवाडा राजाने निमूटपणे मान्य केला. मुले शेळ्यांच्या ओरडण्याचीच नक्कल करीत असतील, ही साधी शंका दरबारात कोणी काढली असल्यास हिरोडोटस ती सांगत नाही.

अशीच परीक्षा सोळाव्या शतकात अकबर बादशहाने पाहिली. बदायुनीच्या सांगण्याप्रमाणे सुमारे वीस तान्ही मुले त्यांच्या आयांना पैसे देऊन घेण्यात आली आणि वस्तीपासून दूर एका इमारतीत ठेवण्यात आली. दायांना बोलण्याची मनाई होती, आणि लोक त्या वास्तूला 'गुंग महाल' म्हणू लागले. अबुल फझल लिहितो की, वाणी श्रवणातूनच उपजते असे बादशहाचे मत होते व त्याचा पडताळा पाहण्यासाठीच ही तजवीज होती. १५८२ साली बादशहा स्वतः तेथे गेला, तेव्हा मुक्यांच्या आवाजापलीकडे काही त्याच्या कानी पडले नाही. या दोन बखरकारांपैकी एकाच्या स्तुतीला आणि दुसऱ्याच्या कडवटपणाला पारावार नाही. परंतु मुले मुकी निघाली या बाबतीत दोघांचे जबाब जुळतात. त्यांतील काही मुले दगावली, एवढे बदायुनी जाता जाता नमूद करतो.

वस्तुतः एवढे सिद्ध करण्यासाठी परक्यांची लेकरे विकत घेण्याचे कारण या देशात तरी नव्हते. बृहदारण्यकोपनिषदात सांगितलेल्या जन्मविधीत पिता नवजात अर्भकाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन 'वाक्' हा शब्द तीन वेळा उच्चारतो. म्हणजे मुखातून यावयाची वस्तू आधी कानात घालावी लागते, ही जाण तेथे विधीच्या रूपाने नांदत होती. पुढे मीमांसकांनी तिला शास्त्राचे रूप दिले. वडील माणूस धाकट्याला 'गाय आण' म्हणतो आणि तो गाय आणतो. मग 'गाय बांध' म्हणतो, 'घोडा आण' म्हणतो. जवळच बसलेले मूल कोणता शब्द आला म्हणजे काय बदलते आणि काय तसेच राहते हे न्याहाळीत एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढते. शब्दाचा अर्थ आधी की वाक्याचा, यावर कुमारिलाचे आणि प्रभाकराचे अनुयायी शतकानुशतके भांडले. पण ते मूल माणसांच्या बोलण्यात बसलेले असते, याविषयी त्यांच्यात तंटा नव्हता. उणीव राहिली ती एवढीच की, त्या मुलाच्या स्वतःच्या तोंडून कोणती अक्षरे बाहेर पडली, याची टिपणे शास्त्रकारांनी ठेवली नाहीत.

ती ठेवण्याची चाल युरोपात पडली. फ्रान्सचा तेरावा लुई १६०१ मध्ये जन्मला, तेव्हापासून राजवैद्य एरोआर याने त्याची रोजनिशी चालविली आणि राजपुत्राचे बोबडे उच्चार जसे कानावर पडले तसे उतरून घेतले. बादशाही लहरीतून बालवाणीच्या पदरात पडलेले हे बहुधा एकमेव चांगले दान असावे. जर्मन तत्त्वज्ञ टीडेमान याने १७८७ मध्ये आपल्या मुलाविषयीची निरीक्षणे छापली, पण त्यांचा फारसा बोलबाला झाला नाही. खरी चालना मिळाली ती १८७६ मध्ये, जेव्हा फ्रेंच पंडित तेन याने आपल्या लहानग्या मुलीच्या भाषेवर निबंध लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर 'माइंड' या नियतकालिकात पुढच्याच वर्षी आले आणि ते वाचून डार्विनला आपल्या थोरल्या मुलाच्या जन्मवेळची, सदतीस वर्षांपूर्वीची वही आठवली. मुलाला दाईचे नाव सातव्या महिन्यात समजू लागले, परंतु खाण्यासाठी स्वतःचा शब्द त्याने योजिला तो बरोबर एक वर्षाचा झाल्यावर, आणि तो होता 'मम्'. आपल्याकडच्या मंमंची ज्याला सवय आहे, त्याला हा शोध वाचून हसू आवरणार नाही; मात्र समजणे आधी व बोलणे नंतर, हा क्रम तारीखवार नोंदलेला पाहण्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

येना येथील प्रायर या शरीरशास्त्रज्ञाने तर शिस्तीची कमालच केली: मुलाच्या आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांत, थोडे खंड वगळता, दिवसातून किमान तीन वेळा निरीक्षण करून त्याने १८८२ मध्ये आपला ग्रंथ सिद्ध केला. माणूस बाहेर गेले, दिवा झाकला गेला, वस्तू दिसेनाशी झाली, की त्याचा मुलगा 'अट्टा' म्हणे. एवढ्याशा शब्दात नाहीसे होणे ही सारी कल्पना मावली होती.

या वह्यांत पुरुषांचीच नावे झळकावीत हे मला फार दिवस खटकत असे, कारण मुलांजवळ दिवसभर बसणारी व्यक्ती वेगळीच असते. ब्रेस्लाव येथील क्लारा स्टर्नने ही कसूर काढून टाकली. १९०० मध्ये थोरली हिल्डे जन्मल्यापासून तिने मुलांच्या वह्या लिहावयास घेतल्या, धाकट्या ग्युंथर व एव्हा यांनाही त्यांत स्थान दिले, आणि सुमारे अठरा वर्षांत सुमारे पाच हजार पृष्ठांचे बाड तयार झाले. पती विल्यम हा मानसशास्त्राचा अध्यापक. अन्वयार्थ व मांडणीत त्याचा हात होताच, पण नोंदी बहुतांशी तिच्या हस्ताक्षरात आहेत. त्यांवर आधारलेला बालभाषेवरील ग्रंथ १९०७ मध्ये निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर आधी क्लाराचे व मग विल्यमचे नाव छापले गेले.