पदविकेचे रीळ आणि पुढची वर्षे

पुण्यात प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ बंद पडल्यावर त्याच आवारात केंद्र सरकारने १९६० साली चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याने शेवटी एक लघुपट करून दाखवायचा, अशी तिथली परीक्षा होती. हा लघुपट त्याच्या एकट्याचा नसे. छायालेखन, ध्वनी आणि संकलन शिकणारे त्याचे सोबतीही त्याच कामावर आपापली पदविका घेत. कच्ची फिल्म संस्थेची आणि तीही मोजून मिळे. ३५ मिमी फिल्मच्या चारशे फुटांच्या डब्यात साडेचार मिनिटांचेही चित्रण मावत नाही, त्यामुळे कॅमेरा सुरू होण्याआधी भरपूर तालमी होत आणि दुसरा टेक मागताना दिग्दर्शक दहादा विचार करी.

पदविकेचा लघुपट नाव मिळवून देई, पोट भरत नसे. त्याचे हक्क संस्थेकडे राहत, आणि हाती असते तरी विकत घेणार कोण? आशेची जागा एकच होती, फिल्म्स डिव्हिजन. १९४८ साली स्थापन झालेल्या या सरकारी खात्याचे वृत्तपट आणि माहितीपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. विधू विनोद चोप्रांनी पदविकेसाठी १९७६ साली केलेल्या ‘मर्डर ॲट मंकी हिल’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचा पुढचा माहितीपट ‘ॲन एन्काउंटर विथ फेसेस’ (१९७८) फिल्म्स डिव्हिजनचा होता आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. अरुण खोपकरांची वाट वेगळी. भूपेन खक्कर, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जहांगीर सबावाला अशा चित्रकारांवर त्यांनी लघुपट केले आणि लहान लांबी हीच आपली मुख्य भूमी मानली. मराठीत असे उदाहरण विरळाच.

कथापट मिळेपर्यंत अनेकांनी सहायकाची नोकरी धरली. संस्थेत संकलन शिकलेले संजय लीला भन्साळी चोप्रांकडे होते. ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ (१९९४) मधील गाण्यांचे चित्रण त्यांनी सांभाळले आणि स्वतःचा पहिला चित्रपट ‘खामोशी’ १९९६ साली केला. याच सुमारास उपग्रह वाहिन्या आल्या, खासगी अल्बमांची लाट आली आणि गाण्याचा व्हिडिओ हे स्वतंत्र काम झाले. समीक्षकांनी त्याकडे नाक मुरडले, पण धंद्याची शिस्त त्यानेच लावली: पैसा दुसऱ्याचा, दिवस मोजके आणि गाण्याची लांबी आधीच ठरलेली.

या कामाची एक युक्ती बघण्यासारखी आहे. गाणे मंदगतीत दिसावे आणि ओठ मात्र शब्दांवर बसावेत, असे हवे असेल तर कॅमेरा सेकंदाला चोवीसऐवजी अठ्ठेचाळीस चौकटींवर चालवतात आणि सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवतात. गायक-नट चिमण्यांसारख्या चिवचिवणाऱ्या आवाजावर भराभर ओठ हलवतो. पडद्यावर केस आणि पदर सावकाश उडतात, शब्द मात्र मूळ चालीत जुळतात.

मराठीत लघुपटाकडून थेट कथापटाकडे जाण्याची वाट उमेश कुलकर्णींनी ठळक केली. संस्थेत असताना केलेल्या ‘गिरणी’त आई पोटापाण्यासाठी लहानशा घरातच पिठाची गिरणी आणते आणि तिच्या घरघरीत मुलाचे बालपण सापडते. या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००८ साली त्यांचा ‘वळू’ आला. २०११ च्या ‘देऊळ’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला. कथापट सुरू झाल्यावरही त्यांनी लघुपट सोडले नाहीत.

पुण्याची संस्था सर्वांच्या आवाक्यात नव्हती. प्रवेशाच्या जागा थोड्या, परीक्षा देशपातळीवरची. कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावातून छत्रपती संभाजीनगरमार्गे पुण्याला जाताना वाटेत अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, लागते. तिथल्या न्यू आर्ट्स महाविद्यालयाच्या संज्ञापन अभ्यास विभागाने दुसरे दार उघडले. जेऊरचे नागराज मंजुळे याच विभागात शिकले. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाची गोष्ट सांगणारा ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट. अठ्ठावन्नाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा मान त्याला मिळाला. ‘ख्वाडा’चे भाऊराव कऱ्हाडेही याच विभागाचे विद्यार्थी.

पुढे डिजिटल कॅमेऱ्याने कच्च्या फिल्मचा खर्च संपवला आणि यूट्यूबने चित्रपटगृहाची अट काढून टाकली. आज कोणीही लघुपट प्रदर्शित करू शकतो. त्यावर घर चालवणे मात्र पूर्वीइतकेच अवघड आहे. तरी लघुपट म्हणजे कथापटाआधीची केवळ पायरी, हा समज टिकत नाही. ‘सैराट’च्या अफाट यशानंतर मंजुळे ‘पावसाचा निबंध’ या लघुपटाकडे वळले आणि २०१७ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले.