परसातला पारिजातक

चाळीस वर्षांपूर्वी मी एक झाड तोडले. ते चुकून तुटले असे म्हणायची सोय नाही. कुऱ्हाड मीच आणवली होती.

नवी नोकरी लागलेली, घराला नवा रंग दिलेला, आणि अंगण कसे बंगल्यासारखे दिसावे ही हौस! मागल्या दारचा पारिजातक म्हणजे वेडावाकडा. पाने खरबरीत, उन्हाळ्यात तर निव्वळ काटक्या. त्याच्या जागी मी हिरवळ केली आणि कडेने क्रोटनच्या कुंड्या मांडल्या. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने परडी घेऊन ती मागल्या दारी गेली आणि रिकामी परडी घेऊन परत आली. एवढेच.

पुढे वाचनाच्या नादात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याची गाठ पडली. हा गृहस्थ १५३४ साली गोव्यात आला आणि इथलाच झाला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. त्या ग्रंथात एक अख्खा संवाद आमच्या पारिजातकावर आहे! ऑर्ता त्याला ‘दुःखी झाड’ म्हणतो. सूर्यावर भाळलेल्या एका मुलीला सूर्याने टाकले, तिने जीव दिला, तिच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत, अशी इथे ऐकलेली कथा त्याने नोंदवली आहे. १७५३ साली लिनियसनेही शास्त्रीय नावात ते दुःख कायम ठेवले. आम्हाला मात्र याच झाडाखाली सत्यभामा-रुक्मिणीचे भांडण दिसले!

खुद्द ऑर्ताच्या वाट्याला याहून मोठे दुःख आले. तो १५६८ साली वारला. आणि तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता असा ठपका ठेवून १५८० साली धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. त्याच्या ग्रंथातले झाड मात्र राहिले.

त्याच शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर अमेरिकेतली झाडेही आपल्या किनाऱ्याला लागू लागली. मिरची तिकडची, पेरू तिकडचा. आणि वाचकहो, ज्याच्या तोरणावाचून आपला दसरा-दिवाळी होत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा! देवळापुढचा खुरचाफाही अमेरिकेचाच. गुलमोहर मादागास्करचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात शोभेसाठी आलेली घाणेरी तर आज रानेच्या राने व्यापून बसली आहे.

मग देशी कोणते आणि परके कोणते? हा निवाडा मला एका सुरवंटाने करून दिला. माझ्या क्रोटनवर इतक्या वर्षांत एकही सुरवंट मी पाहिला नाही; मला तो त्या झाडाचा गुणच वाटे. विहिरीजवळच्या कढीपत्त्यावर मात्र दर पावसाळ्यात काळी फुलपाखरे येत, अंडी घालत, आणि अळ्या पाने फस्त करीत. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पाने खातात. हा ऋणानुबंध हजारो वर्षांत जुळलेला असतो. झेंडूच्या फुलावर फुलपाखरू मध पिते, पण तिथे अंडी घालत नाही. मध कुणीही पाजील. बाळंतपण माहेरच करते. परसात नुसते पाहुणेच भरले, तर या लेकरांनी जावे कुठे?

आई आता नाही. तीन वर्षांपूर्वी मी हिरवळ उखडली. तिथे पारिजातकाची फांदी लावली. शेजारी कुडा, अडुळसा आणि थोड्या अंतरावर आपले राज्यपुष्प तामण. फारसे काही करावे लागले नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी घातले, पाणी साचू दिले नाही, आणि खाल्लेले पान दिसले की औषध फवारण्याचा मोह आवरला.

यंदा आश्विनात पहिली फुले पडली. मोजली, अकरा होती. माळ्यावरून आईची परडी काढली. दारावर झेंडूचे तोरण आहेच; चार शतकांच्या पाहुण्याला कोण हाकलतो? देव्हाऱ्यात मात्र ती अकरा फुले वाहिली, आणि आईला जे चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवे होते, ते मनातल्या मनात सांगितले.