कावळा, फांदी आणि वीस प्रश्न

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. योगायोगाला कारण समजू नये, हा त्याचा अर्थ. मानसशास्त्राला हाच धडा आकड्यांतून शिकावा लागला.

रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमधील रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात अनेक गटांची एकत्र तुलना करण्याची पद्धत बसवली. पुढे ती मानसशास्त्रज्ञांनी उचलली. ही चाचणी गटांमध्ये कुठेतरी फरक आहे एवढेच सांगते. नेमका कोणत्या दोघांत, ते सांगत नाही. मग जोड्या लावून पाहणे आले. पाच गटांच्या दहा जोड्या होतात. या मागाहूनच्या तपासणीला ‘पोस्ट-हॉक’, म्हणजे ‘यानंतर’ची, चाचणी म्हणतात.

खरी अडचण इथे येते. प्रत्यक्षात फरक नसतानाही तो दिसण्याचा पाच टक्के धोका पत्करण्याचा रिवाज आहे. पण परस्परांशी संबंध नसलेले असे वीस प्रश्न विचारले, तर निदान एक खोटा होकार मिळण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते.

१९५३ साली प्रिन्स्टनच्या जॉन ट्यूकी यांनी यावर मोठे टिपण लिहिले. ते प्रतींच्या रूपात हातोहात फिरले. छापून आले थेट १९९४ मध्ये. हेन्री शेफे यांची पद्धत १९५३ चीच, आणि मूळ कलकत्त्यात काम केलेले, पुढे नॉर्थ कॅरोलायनात स्थिरावलेले समरेंद्रनाथ रॉय व राजचंद्र बोस यांचा निबंधही त्याच वर्षीचा. सर्वांचे सूत्र एक: प्रश्न वाढले की पुराव्याची अट कडक करा.

ती अट पाळली नाही तर काय होते? २००९ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. हजारो बिंदूंची तपासणी दुरुस्तीविना केली, तेव्हा माशाचा मेंदू ‘विचार’ करताना दिसला. दुरुस्ती केल्यावर तो शांत झाला.

मात्र न सांगितलेल्या प्रश्नांची दुरुस्ती कोणतेच सूत्र करू शकत नाही. निकाल पाहून सुचलेला तर्क आधीचाच म्हणून मांडण्याच्या सवयीवर नॉर्बर्ट कर यांनी १९९८ मध्ये बोट ठेवले. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा केवळ ३६ टक्क्यांत लक्षणीय निकाल मिळाला. याची कारणे अनेक. ही सवय त्यांपैकी एक मानली जाते. म्हणून आता अनेक संशोधक आपला प्रश्न आधीच नोंदवून ठेवतात.

आपली मुले-नातवंडे आज कॉलेजात हा विषय शिकत आहेत आणि संगणक क्षणात उत्तर देतो. मागाहून शोधण्यात गैर काही नाही. नवे प्रश्न तिथेच सापडतात. फक्त ते मागाहून सापडले, हे लिहावे. आणि कोणी चमकदार निष्कर्ष दाखवला, तर नम्रपणे विचारावे: एकूण किती फांद्या पाहिल्यात?