3851 जीटीची खरी किंमत

14 ऑगस्ट 2014, गुरुवारची संध्याकाळ. कॅलिफोर्नियात कार्मेलच्या क्वेल लॉजवर बॉनहॅम्स या लिलावसंस्थेने उभारलेल्या मंडपात तुम्ही बसला आहात. मांडीवर कॅटलॉग, हातात बोलीचा फलक. आता येणार आहे 1962 ची फेरारी 250 जीटीओ, चेसिस क्रमांक 3851 जीटी. राखीव किंमत ठेवलेली नाही. शेवटची बोली जिथे थांबेल, तिथे गाडी विकली जाईल.

आजूबाजूला 5 कोटींची कुजबुज चालू आहे. आदल्याच वर्षी एका जीटीओचा खाजगी सौदा 5 कोटी 20 लाख डॉलरला झाल्याची बातमी आली होती. जाहीर लिलावात मात्र आजवर कुठलीच गाडी 3 कोटींच्या पुढे गेलेली नाही. तो विक्रम फांजिओने शर्यतीत चालवलेल्या मर्सिडीजचा, तोही 2013 चा. या दोन आकड्यांमधल्या 2 कोटींचा निवाडा समोरच्या लाल रंगाची चकाकी बघून होणार नाही. त्यासाठी मागे जावं लागेल.

सप्टेंबर 1962. तुम्ही फ्रान्समधल्या एका रस्त्याच्या कडेला उभे आहात. 'टूर द फ्रान्स'ची मोटारशर्यत चालू आहे. आधी आवाज येतो: बारा सिलिंडर, तीन लिटरचं इंजिन, सहा वेबर कार्ब्युरेटर, जवळजवळ 300 अश्वशक्ती. मग गाडी दिसते, आणि ती लाल नाही. चंदेरी करड्या रंगावर फ्रान्सचा तिरंगी पट्टा आहे. आत मालक जो श्लेसर आणि त्याचा जोडीदार आंरी ओरेये. ओरेयेने 1948 च्या सेंट मॉरित्झ हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगची दोन सुवर्णपदकं जिंकली होती. आता त्याला या वेगाने झपाटलंय. दोघं शर्यतीत दुसरे येतात. नवी कोरी गाडी आणि एवढ्या मोठ्या शर्यतीत दुसरा क्रमांक! कॅटलॉगच्या समासात अधिकची खूण करा.

7 ऑक्टोबर 1962. पॅरिसच्या दक्षिणेला मोंलेरीचा ट्रॅक. आज ओरेये एकटा आहे. गाडी ट्रॅक सोडते, कडेच्या इमारतीवर आदळते आणि ओरेये मरण पावतो. बोलीचे आकडे मांडणारी माणसं या तारखेवरून घाईने पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. एका माणसाचा इथे जीव गेला आहे, आणि गाडीची किंमत ठरवताना हे आधी मान्य करावं लागतं. त्यानंतरच पुढचे प्रश्न विचारायचा हक्क मिळतो: चेसिसच्या कोणत्या नळ्या मूळच्या, इंजिनवर कोणता क्रमांक, ॲल्युमिनियमचा पत्रा कोणी आणि कधी ठोकला, आणि यातलं काय लेखी आहे? अपघात झालेली गाडी मी बाद करत नाही. अपघात लपवलेली गाडी मात्र नक्की बाद करेन.

गाडी दुरुस्त होते, इटलीत जाते, नव्या मालकांच्या हाती डोंगरचढणीच्या शर्यतींत धावते. मग 1965 उजाडतं आणि फाब्रिझिओ व्हिओलाती ती विकत घेतो. त्या काळी तीन हंगाम धावलेली शर्यतीची गाडी म्हणजे नुसती जुनी गाडी. 36 च जीटीओ बनल्या, अमेरिकेत नवी गाडी 18,000 डॉलरच्या आसपास मिळायची आणि ती कोणाला द्यायची हे एन्झो फेरारी स्वतः बघायचे, या गोष्टींना सोन्याचं मोल पुढे आलं. व्हिओलाती गाडी चालवतो, जुन्या गाड्यांच्या शर्यतींत उतरवतो, सॅन मारिनोतल्या आपल्या संग्रहात ठेवतो. विकत मात्र नाही. 2010 मध्ये तो गेला तेव्हाही ती त्याचीच होती.

पैसे मोजायचे ते या वर्षांचे. जमीन घेताना आपण पिकाआधी सातबारा बघतो, तसंच इथे आहे. मधली जवळपास पंचेचाळीस वर्षं एकाच नावावर आहेत. कुठे खंड नाही, गाडी चार दलालांच्या गोदामांतून फिरलेली नाही. मोंलेरीच्या त्या दिवसाने जे मोल घटवलं, त्यातलं बरंचसं या अखंड नोंदीने भरून काढलं आहे, असं माझं मत आहे.

पुन्हा मंडप. बोली 1 कोटी 10 लाखांवर उघडते आणि बघता बघता 3 कोटी 10 लाखांवर जाते. मग वेग ओसरतो. आता प्रत्येक वाढीआधी कोणीतरी खरोखर विचार करतंय. 3 कोटी 46 लाख 50 हजारांवर हातोडा पडतो. त्यावर खरेदीदाराने द्यायचं दहा टक्के कमिशन धरून 3 कोटी 81 लाख 15 हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 230 कोटी रुपये. लिलावात विकल्या गेलेल्या कोणत्याही मोटारीसाठी तोवरची ही सर्वांत मोठी रक्कम.

तरी शेजारचा कोणी हळहळेल, 5 कोटी कुठे गेले म्हणून. त्याचं ऐकू नका. तो 5 कोटी 20 लाखांचा सौदा बंद दाराआड झाला. ही बोली भरल्या मंडपात, राखीव किमतीची कुबडी न घेता लागली. गाडीचा अपघात सगळ्यांना ठाऊक होता आणि तो धरूनच आकडा ठरला. माझ्या मते भाव रास्त होता. पारखायचंच असेल तर चार वर्षं पुढे या: ऑगस्ट 2018, माँटरे, आरएम सदबीजचा लिलाव. दुसरी एक 250 जीटीओ, चेसिस 3413 जीटी, मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स आणि 1964 साली स्काग्लिएत्तीने चढवलेली बॉडी, सगळं शाबूत. ती गाडी कमिशनसह 4 कोटी 84 लाख 5 हजार डॉलरला गेली.